खाण बंद झालेल्या जागेवर मूळची झाडं परत येतात का? आम्ही लावलेली रोपं दर वर्षी का मरतात?

तीन पावसाळे रोपं लावताय, निम्म्याहून जास्त मरतात, मग जंगल परत येणं ही नुसती गप्पच का, असं विचारलंय तुम्ही. येतं, पण वेळ खूप लागतो आणि अगदी पूर्वीसारखंच होईल ही आशा धरू नका. मी अशाच एका जागेवर काही वर्षं रोपवाटिका आणि लागवड दोन्ही सांभाळलंय, त्यावरून सांगतो, आधी रोपांकडे बघणं बंद करा आणि एक पहार घ्या.

खरंच सांगतोय. लावलेल्या दोन खड्ड्यांच्या मधे पहार मारा. वीतभर जाऊन ठण्ण वाजली तर रोपांचा काही दोष नाही. जमीन सपाट आणि दिसायला नीट व्हावी म्हणून त्यावर डोझर इतक्या वेळा फिरलेला असतो की खालचा थर रस्त्यासारखा घट्ट होतो. आम्ही पण हेच करून बसलो होतो, खड्डे घेतले, शेणखत आणि बाहेरची चांगली माती भरली, पहिल्या वर्षी रोपं काय टवटवीत, मोठे साहेब फोटो काढून गेले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सगळ्यांनी माना टाकल्या. उपटून बघितलं तर मुळं खड्ड्यातल्या खड्ड्यात गोल गोल फिरलेली, कुंडीत असतात ना तशी. पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पाणी तुंबायचं ते वेगळंच. गंमत म्हणजे एका कोपऱ्यात सपाटीकरण राहून गेलं होतं, डंपरने ओतलेले ढीग तसेच पडलेले, आणि सगळ्यात बरी झाडं तिथलीच.

अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या डोंगरात कोळसा खाणींवर हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९७७ मधे खाणीनंतर जमीन दुरुस्त करायचा कायदा आला, हेतू चांगला होता, पण ढिगारे घसरू नयेत म्हणून माती चोपून बसवली गेली आणि वर दाट गवत पेरलं, त्यामुळे जंगलाच्या जागी गवत आणि झुडपंच राहिली. पुढे तिथल्याच संशोधकांनी सांगायला सुरुवात केली की वरचा निदान ४ फुटांचा थर सैल राहू द्या, गवत विरळ पेरा, सपाटीचा हट्ट सोडा. तुमची जमीन आधीच दाबलेली असेल तर खोल रिपर, म्हणजे डोझरच्या मागे लावतात तो जमीन फाडणारा लांब लोखंडी दात, मारून घ्या, तो पण कोरड्या दिवसांत, कारण ओल्या मातीत रिपर नुसती चीर पाडून जातो, ढेकळं फुटत नाहीत. आणि उताराला आडवा मारा, नाहीतर पहिल्याच पावसात रिपरच्या रेघांचे ओहोळ होतील.

आता वरची माती. हे तुम्हाला उशिरा सांगतोय ते माहितीये, कारण हे काम खाण सुरू व्हायच्या आधीचं असतं. वरच्या काही सेंटीमीटरमधे जंगलाच्या बिया, मुळांना मदत करणाऱ्या बुरश्या, सगळं असतं. ती माती उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली की आत हवा जात नाही आणि ते मरत जातं. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅरा नावाच्या निलगिरीच्या जंगलात बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज) काढतात, तिथे जमेल तेव्हा खाणीच्या एका खड्ड्यावरची माती काढली की ती साठवत न बसता थेट दुसऱ्या, काम संपलेल्या खड्ड्यावर पातळ पसरतात. जाड थर टाकला तर खालच्या बिया वर येऊच शकत नाहीत. त्याच भागातल्या बऱ्याच झुडपांच्या बिया धूर लागल्याशिवाय उगवत नाहीत, मला पहिल्यांदा ही थापच वाटली होती, पण धुरातलं ते रसायन २००४ मधे शोधून काढलंय, कॅरिकिन म्हणतात त्याला. म्हणून जंगली बी उगवलं नाही की लगेच 'बी खराब' म्हणून फेकू नका, कडक कवचाच्या शेंगवर्गीय बियांना तर नुसतं गरम पाणी दाखवलं तरी फरक पडतो.

झाडं कुठली, यावर लोक फार भांडतात. सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की दोन वर्षांत हिरवं दिसतं, कागदावरचे आकडे पण छान येतात, पण सुबाभूळ नंतर दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाही. आणि 'देशी' म्हणजे देशातलं कुठलंही झाड नव्हे हो. त्या बॉक्साइटवाल्यांनी आधी त्यांच्याच देशाच्या पूर्व भागातल्या निलगिरी लावल्या होत्या, १९८८ पासून तिथल्या जंगलातलीच झाडं घ्यायला लागले.

मातीचा पीएच, म्हणजे ती किती आम्ल आहे ते, तपासलाय का? दगडात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं आणि पीएच ४ च्या खाली असेल तर चुना वगैरे देऊन तो वर आणल्याशिवाय रोपांवर पैसे घालवू नका. शिसं-जस्ताची खाण असेल तर ढिगाऱ्यावर आपोआप उगवलेल्या गवताचं बी गोळा करा. ब्रिटनमधे ब्रॅडशॉ नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की जुन्या खाणींवरच्या गवतांत धातू सहन करणारे वाण तयार झालेले असतात, साध्या कुरणातलं तेच गवत तिथे टिकत नाही.

आणि सगळीकडे लावूच नका. जवळ चांगलं जंगल असेल तर एक तुकडा ओबडधोबड तसाच सोडा, फक्त बाहेरून येणारी आक्रमक झुडपं काढत रहा. चेक प्रजासत्ताकात कोळशाच्या ढिगाऱ्यांवर असं सोडलेल्या जागांत लागवडीपेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती आल्यात. अर्थात जंगल लांब असेल तर वारा आणि पक्षी तरी बी कुठून आणणार.

तुमची खाण कशाची, ढीग किती जुना आणि जवळचं जंगल किती लांब हे तुम्ही लिहिलंच नाहीये. पहार किती आत गेली ते पण सांगा, मग कुठली झाडं ते बोलू.