वाचकांचे प्रश्न : साध्या संगणकावर फ्रेम नेमकी कुठे अडते?

गेल्या काही महिन्यांत संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चौघांकडेही साधे संगणक आहेत आणि चौघांचाही प्रश्न खेळ सुरळीत कसा चालेल हाच आहे. मात्र प्रत्येकाचे कारण वेगळे आहे, म्हणून उपायही वेगळे आहेत. फ्रेम म्हणजे संगणक सेकंदाला अनेक वेळा काढत असलेले स्क्रीनवरचे एकेक चित्र.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१८ मध्ये घेतलेला आहे. त्यात इंटेल कोअर आय-५ ८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि स्क्रीन फुल एचडी आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या सगळ्या सेटिंग ‘लो’वर ठेवूनही सेकंदाला ३० च्या आसपास फ्रेम मिळतात आणि जवळ स्मोक (धुराचा ग्रेनेड) पडला की त्या १८ पर्यंत घसरतात. आधीचा ‘सीएस-गो’ याच लॅपटॉपवर व्यवस्थित चालत होता. मित्रांच्या सांगण्यावरून फ्रेम वाढवण्याचा दावा करणारे दोन एफपीएस बूस्टर टाकले, विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल केले, लाँच ऑप्शन (खेळ सुरू होतानाच्या सूचना) लिहिले. फरक पडला नाही. घरून थोडे पैसे मिळतील. ते कशावर खर्च करू? — पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : ‘सीएस-गो’ हा २०१२ चा खेळ होता आणि तो डायरेक्टएक्स ९ वर चालत असे. २७ सप्टेंबर २०२३ रोजी त्याची जागा घेणारा ‘काउंटर-स्ट्राइक २’ सोर्स २ या नव्या इंजिनावर उभा आहे. त्यातील प्रकाशयोजना वेगळी आहे आणि स्मोक आता सपाट चित्रांचा राहिलेला नसून जागा व्यापणारा, गोळीने किंवा ग्रेनेडने क्षणभर फाटणारा असा झाला आहे. म्हणून ‘पूर्वी चालत होता’ या अनुभवावरून तुमच्या लॅपटॉपमध्ये बिघाड झाला असे समजू नका. काम वाढले आहे आणि काम करणारा तोच आहे.

हे काम दोघांत वाटलेले असते. ठिपक्यांची रांगोळी आठवून पाहा. एक जण ठिपके मांडतो आणि दुसरा रंग भरतो. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, काय काय काढायचे आहे हे ठरवणारा प्रोसेसर ठिपके मांडतो, तर स्क्रीनवरील प्रत्येक बिंदूचा रंग काढणारा ग्राफिक्सचा भाग रंग भरतो. रांगोळी लहान केली, म्हणजे रिझोल्यूशन कमी केले, तर रंग भरणाऱ्याचे काम हलके होते. ठिपके मांडणाऱ्याला त्याचा फारसा लाभ होत नाही. कोण मागे पडतो हे कळण्याची खूणही यातच आहे. गेमच्या सेटिंगमधील टेलिमेट्री विभागातून फ्रेमचा आकडा स्क्रीनवर आणा, सरावाच्या सामन्यात एका ठरावीक मॅपवर ठरावीक वाटेने तीन मिनिटे फिरा आणि आकडे लिहून ठेवा. मग रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणा आणि त्याच वाटेने पुन्हा फिरा. पहिल्या रिझोल्यूशनमध्ये प्रत्येक फ्रेमसाठी २०,७३,६०० बिंदू रंगवावे लागतात आणि दुसऱ्यात ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आकडा चांगलाच वर गेला तर ग्राफिक्सचा भाग अडत होता. तो जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडतो आहे आणि चित्र आणखी धूसर करून काहीही हाती लागणार नाही. स्मोक पडताच फ्रेम कोसळतात हे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून तुमच्याकडे ग्राफिक्सचा भागच मागे पडत असावा असे माझे मत आहे. तरीही मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

तो मागे पडण्याचे एक कारण चिपच्या बाहेर आहे आणि दुर्दैवाने त्याविषयी दुकानात क्वचितच कोणी सांगते. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते. तुमच्या प्रोसेसरमधील यूएचडी ६२० ग्राफिक्सला अशी मेमरी नाही. ते तुमच्या रॅममधूनच सगळी ने-आण करते आणि त्याच वाटेवर प्रोसेसरचीही ये-जा चालू असते. डीडीआर४-२४०० जातीच्या रॅमची एकच पट्टी असेल तर या वाटेची कमाल क्षमता सेकंदाला १९.२ जीबी असते. दोन पट्ट्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या की दोन्ही वाटा एकत्र चालू होतात आणि ती ३८.४ जीबी होते. या काळातल्या अनेक लॅपटॉपमध्ये कंपनीकडून ८ जीबीची एकच पट्टी येत असे आणि दुसरा स्लॉट रिकामा राहत असे. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा, किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅमचा वेग किती आहे हे तिथे लिहिलेले असते. दोनपैकी एकच वापरात दिसला तर तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी हा तुमच्या पैशांचा सर्वांत चांगला उपयोग आहे, असे मी निःशंकपणे सांगेन. काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, म्हणून मागचे झाकण उघडून खात्री केल्याशिवाय पट्टी विकत घेऊ नका.

दुसऱ्या पट्टीचा आणखी एक लाभ होईल. ८ जीबी रॅम ही या खेळाची किमान अट आहे आणि त्या ८ जीबीतूनच तुमचे ग्राफिक्सही आपला वाटा घेते. मागे ब्राउझर उघडा राहिला की रॅम पुरत नाही, मग विंडोज उरलेला भार हार्ड डिस्कवर टाकते आणि फिरत्या तबकडीवरून तो परत आणेपर्यंत खेळ क्षणभर थिजतो. आकडा चांगला दिसत असूनही वळताना झटका बसतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. पैसे उरले तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या, पण तिने सरासरी फ्रेम वाढतील अशी अपेक्षा ठेवू नका. तिने झटके कमी होतात आणि मॅप लवकर उघडतो. खेळाला ८५ जीबी जागा लागते, हे एसएसडीचा आकार ठरवताना ध्यानात ठेवा.

बिनखर्चाच्या गोष्टींपैकी उष्णतेकडे आधी पाहा. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि तो गरजेनुसार ३.४ पर्यंत जाऊ शकतो. अर्धा तास खेळल्यावर टास्क मॅनेजरमध्ये हा वेग १.६ च्याही खाली आलेला दिसला, तर चिप १०० अंश सेल्सिअसच्या आपल्या मर्यादेजवळ जाऊन स्वतःला आवरते आहे किंवा तिला पुरेशी वीज मिळत नाही, असे समजा. चार्जर लावूनच खेळा आणि विंडोजचा पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवल्यास खालची जाळी बुजते, म्हणून तो टेबलावर, मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवा. सात-आठ वर्षांत पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर धुळीचा थर बसतो आणि चिपवरची थर्मल पेस्टही सुकते. जाणत्या माणसाकडून ती बदलून घ्या. तुमच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १५ वॅटचाच शिधा वाटून घेतात, म्हणून मेनूमध्ये किंवा रिकाम्या मैदानात फ्रेमचा आकडा उगाच उंच जाऊ न देता कमाल फ्रेम तुमच्या टिकाऊ आकड्याच्या किंचित वर बांधून ठेवा. तेवढी उष्णता चकमकीच्या क्षणासाठी वाचते.

सेटिंगमध्ये सर्वाधिक फरक रिझोल्यूशनने पडतो, त्याखालोखाल सावल्यांच्या आणि कडा गुळगुळीत करणाऱ्या एमएसएएच्या सेटिंगने. फिडेलिटीएफएक्स सुपर रिझोल्यूशन हा पर्याय चित्र कमी बिंदूंत काढून मोठे करून दाखवतो. तो फुल एचडीवर ‘क्वालिटी’ पातळीत वापरून पाहण्यासारखा आहे. मात्र रिझोल्यूशन आधीच ७२० वर आणले असेल तर त्यावर तो लावू नका, कारण दूरचे डोके चार-सहा बिंदूंचे होऊन पार्श्वभूमीत मिसळते आणि मिळालेल्या फ्रेमपेक्षा गमावलेली नजर महाग पडते.

बूस्टर काढून टाका आणि रजिस्ट्री पूर्ववत करा. प्रोसेसरला नसलेले बळ असे सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. फार तर मागचे प्रोग्राम बंद करते आणि ते काम तुम्ही स्वतः एका मिनिटात करू शकता. लाँच ऑप्शनपैकी ‘नोव्हिड’ने सुरुवातीची चित्रफीत तेवढी टळते. ‘हाय’ लिहून खेळाला वरचे प्राधान्य दिले की प्रोसेसर आधीच दमलेला असताना आवाज आणि माउस यांची कामे खोळंबू शकतात, म्हणून तेही पुसून टाका.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतरच्या सुट्टीत ‘व्हॅलोरंट’ खेळतो. आमच्याकडे कोअर आय-३ ४१५० प्रोसेसरचा जुना डेस्कटॉप आहे. त्यात ४ जीबी रॅम आहे आणि विंडोज १० आहे. ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय खेळ चालणार नाही, असे तो म्हणतो. दुकानदाराने ‘जीटी १०३०’ सुचवले आहे आणि सोबत विंडोज ११ टाकून देतो म्हणाला. मला यातले कळत नाही. खर्च करावा का? — एक पालक, नांदेड

उत्तर : आपल्या मुलाची मागणी अवाजवी नाही, पण क्रम बदलायला हवा. ‘व्हॅलोरंट’ साध्या संगणकांवर चालावा असाच २०२० मध्ये बाजारात आणला गेला. सेकंदाला ६० फ्रेमसाठी त्याच्या निर्मात्यांनी तेव्हा सुचवलेला प्रोसेसर म्हणजे नेमका आपल्याकडचा आय-३ ४१५०, आणि त्याच्या जोडीला जीटी ७३० हे अगदी साधे कार्ड. तेव्हा प्रोसेसर बदलण्याची गरज नाही. ४ जीबी रॅम मात्र आज खरोखरच अपुरी आहे. आधी ती ४ जीबीच्या दोन पट्ट्यांची ८ जीबी करून घ्या. वरच्या उत्तरात सांगितलेल्या कारणामुळे प्रोसेसरमधील ग्राफिक्सलाही त्याने बळ मिळेल. रिझोल्यूशन कमी करून आठवडाभर खेळून पाहू द्या. कदाचित कार्डाची गरज उरणारही नाही.

कार्ड घ्यायचेच ठरले तर दुकानात एक प्रश्न आवर्जून विचारा. जीटी १०३० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डे विकली गेली आहेत. एकात जीडीडीआर५ मेमरी आहे आणि तिची क्षमता सेकंदाला ४८ जीबी आहे. दुसऱ्यात डीडीआर४ आहे आणि तिची क्षमता केवळ १६.८ जीबी आहे. खोक्यावरील नाव तेच, प्रत्यक्ष खेळात फरक मोठा. खोक्यावर ‘जीडीडीआर५’ ही अक्षरे आपण स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. या कार्डाला सुमारे ३० वॅट वीज पुरते, त्यामुळे पॉवर सप्लाय बदलण्याचा आग्रह झाल्यास त्याचे कारण विचारा.

विंडोज ११ टाकून घेऊ नका. त्या प्रणालीवर ‘व्हॅलोरंट’ची फसवणूकविरोधी यंत्रणा टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातील दोन सुरक्षेच्या सोयी मागते. आपल्या प्रोसेसरची पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीतच नाही. आडमार्गाने ती बसवली तर संगणक चालू होईल, पण मुलाचा खेळ उघडणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे फ्रेम कायम १०० च्या वर दिसतात. तरीही रात्री नऊनंतर समोरचे खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखे दिसतात आणि माझ्या गोळ्या लागत नाहीत. आणखी कोणती सेटिंग कमी करू? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोणतीही नाही. आपला संगणक चित्र वेळेवर काढतो आहे, सर्व्हरकडून येणारी माहिती मात्र वेळेवर पोहोचत नाही. या दोन्हींना सर्रास ‘लॅग’ म्हटले जाते आणि त्यामुळे माणसे चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत बसतात. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे चिपळूणहून पिंग, म्हणजे माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी मिळायला हरकत नाही. खेळ चालू असताना पिंग आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली माहिती) यांचे आकडे स्क्रीनवर ठेवा, सकाळचे आणि रात्रीचे आकडे ताडून पाहा. राउटरपासून लॅन केबल ओढून तोच प्रयोग पुन्हा करा. केबलने दोष गेला तर तो घरातल्या वायफायचा होता, २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरूनही भागेल. केबल लावूनही रात्रीच बिघडत असेल तर हे लिहिलेले आकडे इंटरनेट पुरवठादाराला दाखवा, कारण नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा त्यांना अधिक वजन असते.

प्रश्न : माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. मग ६० पेक्षा अधिक फ्रेम मिळवून उपयोग काय? आणि व्ही-सिंक चालू ठेवावे का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : उपयोग आहे, पण मर्यादित. ६० फ्रेमच्या वेळी प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, १२० च्या वेळी ८.३ ची. मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवत असला तरी त्याच्या हाती पडणारे चित्र दुसऱ्या वेळी अधिक ताजे असते, म्हणून माउसची हालचाल हाताशी जुळल्यासारखी वाटते. मात्र ११० आणि ५० यांत हेलकावे खाणाऱ्या फ्रेमपेक्षा ७० वर बांधून ठेवलेल्या स्थिर फ्रेम नेम धरायला केव्हाही बऱ्या. व्ही-सिंकने चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसणे थांबते, परंतु त्यासाठी तयार फ्रेमला मॉनिटरची वाट पाहावी लागते आणि माउस जड होतो. शिवाय साधा संगणक ६० च्या किंचित खाली आला की कित्येकदा फ्रेम थेट ३० वर येतात. नेमबाजीच्या खेळात ते बंदच ठेवा. फाटलेली रेघ डोळ्यांना फारच खुपत असेल, तर एकट्याने सराव करताना तेवढे चालू करा.