चित्रपटांत आणि मालिकांत फळ्यावर जे गणित दाखवतात ते खरं असतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. फळ्यावर ते लोक जे अल्फा-बीटा खरडतात त्याला काही अर्थ असतो का, आणि सातवीतल्या मुलाला गोडी लागावी म्हणून यातलं काय दाखवावं. पहिल्याचं उत्तर आधी देतो: फळा आजकाल बहुतेक वेळा खरा असतो. गडबड असते ती फळ्यासमोर उभं राहून पात्रं जे बोलतात त्यात.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. पडद्यावर फळा आला की माझा हात रिमोटवर जातो, आणि घरच्यांचा पिक्चर तिथेच थांबतो. माझ्यासारखे रिकामटेकडे जगभर आहेत हे निर्मात्यांनाही ठाऊक असतं. म्हणून मोठ्या चित्रपटांना हल्ली एखादा प्राध्यापक सल्लागार म्हणून घेतात. पण त्याचं काम लग्नातल्या भटजींसारखं. मंत्र चोख म्हणायचे. लग्न कुणाचं कुणाशी लागतंय यावर त्यांचं काही चालत नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'गुड विल हंटिंग' (१९९७). एमआयटीत फरशी पुसणारा मुलगा कॉरिडॉरमधल्या फळ्यावरचं गणित सोडवून टाकतो. गणित खरंच आहे, ग्राफ थिअरीतलं, म्हणजे ठिपके नि रेषांच्या जाळ्यांचं. या चित्रपटाच्या वेळी एमआयटीच्या डॅनियल क्लाइटमन यांचा सल्ला घेतला होता, आणि एका दृश्यात ते रस्त्यावरून जाताना दिसतातही. गंमत पुढे आहे. दुसरं गणित फळ्यावर येतं तेव्हा चित्रपटातले प्रोफेसर सांगतात की हे सिद्ध करायला आम्हाला दोन वर्षांहून जास्त लागली. आता ते गणित बघा.

दहा ठिपके घ्या. ते रेषांनी असे जोडा की आकृती एकसंध राहील, कुठेही बंद वेढा होणार नाही, आणि कुठल्याही ठिपक्याला बरोबर दोन रेषा मिळणार नाहीत. एक चालेल, तीन चालतील, सात चालतील, दोन मात्र नाही. अशा वेगवेगळ्या आकृत्या किती?

ज्या ठिपक्याला तीन किंवा जास्त रेषा मिळतात त्याला जंक्शन म्हणू. एकच जंक्शन असेल तर मधे ते आणि भोवती नऊ ठिपके, झाली एक आकृती. जंक्शनं दोन असतील तर उरलेले आठ ठिपके दोघांत वाटायचे, प्रत्येकाला किमान दोन: २-६, ३-५, ४-४. म्हणजे तीन आकृत्या. तीन जंक्शनं एका ओळीत घेतली तर सात ठिपके उरतात. टोकाच्या दोघांना किमान दोन आणि मधल्याला किमान एक हवा. २-१-४, ३-१-३, २-२-३, २-३-२. चार आकृत्या. चार जंक्शनं असतील तर सहा ठिपके उरतात: ओळीत लावली तर २-१-१-२, नाहीतर एक जंक्शन मधे, तीन भोवती आणि त्या तिघांना दोन-दोन ठिपके. दोन आकृत्या. पाच जंक्शनं जमत नाहीत, कारण त्यांना किमान सात सुटे ठिपके लागतात आणि आपल्याकडे उरतात पाच. एक अधिक तीन अधिक चार अधिक दोन, दहा. संपलं. चहा निवायच्या आत होतं, आणि प्रोफेसर म्हणे दोन वर्षं बसले होते!

मग सल्लागाराने काय केलं? त्याने नेमकं हेच केलं: पडद्यावर भराभर काढता येईल, दिसायला चांगलं दिसेल आणि चुकीचं नसेल असं गणित दिलं. खरोखर दोन वर्षं लागणारं गणित कॅमेऱ्यासमोर फळ्यावर लिहून संपत नाही.

मात्र 'फळ्यावरचं गणित कुणा भलत्यानेच सोडवलं' ही गोष्ट निव्वळ कल्पना नाही. १९३९ साली बर्कलीत जॉर्ज डॅन्ट्झिग नावाचा विद्यार्थी नेमन या प्राध्यापकांच्या तासाला उशिरा पोचला. फळ्यावर दोन प्रश्न होते. त्याला वाटलं गृहपाठ आहे, उतरवून घेतले आणि काही दिवसांनी सोडवून आणून दिले. ते संख्याशास्त्रातले तोवर न सुटलेले प्रश्न होते. बारावीच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या धड्याशी ज्यांनी झुंज दिली असेल त्यांच्यासाठी: त्या विषयातली सिम्प्लेक्स पद्धत याच माणसाची, १९४७ ची.

'अ ब्यूटिफुल माइंड' (२००१) मध्ये तर फळा आणि संवाद यांच्यात उघड भांडण आहे. सल्लागार बर्नार्ड कॉलेजचे डेव्ह बायर. लिहितानाचे हात जवळून दिसतात ते त्यांचेच. वर्गातल्या फळ्यावरचा प्रश्न अस्सल आहे, पदवीनंतरच्या अभ्यासक्रमातला. आणि मग येतं ते बारमधलं दृश्य, ज्यात चित्रपटाचा नायक, गणितज्ञ जॉन नॅश याला त्याचा सिद्धांत सुचतो. चार-पाच मित्र, समोर मैत्रिणींचा घोळका, त्यात एक सगळ्यांत देखणी. नॅश सांगतो: सगळे तिच्याच मागे लागलो तर एकमेकांच्या आड येऊ, आणि नंतर तिच्या मैत्रिणीही विचारणार नाहीत. तेव्हा तिच्याकडे कुणीच जायचं नाही. मित्र थक्क, पार्श्वसंगीत चढतं, अर्थशास्त्राचा जनक अॅडम स्मिथ निकालात.

पण नॅशचा समतोल म्हणजे काय? बाकीचे जे करतायत ते तसंच ठेवून मी एकट्याने माझा निर्णय बदलला, तर माझा फायदा होता कामा नये. प्रत्येकाच्या बाबतीत असंच असेल तर तो समतोल. आता सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आहे असं धरा. मी गुपचूप उठून तिच्याकडे गेलो तर? स्पर्धाच नाही, माझा फायदा. म्हणजे हा समतोल नाहीच! खरा समतोल एकाने तिच्याकडे जावं आणि बाकीच्यांनी मैत्रिणींकडे, असा येतो. ज्या कल्पनेसाठी या माणसाला १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तीच कल्पना त्याच्यावरच्या चित्रपटाने उलटी सांगितली. मला स्वतःला यातली सगळ्यात मोठी चूक हीच वाटते, कारण ती कुणाला खटकत नाही. वर्गात विचारलं की निम्मी पोरं हेच उदाहरण समतोल म्हणून सांगतात.

'२१' (२००८) मध्ये तीन दारांचं कोडं येतं. एका दारामागे गाडी, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही पहिलं दार निवडलं. गाडी कुठे आहे हे माहीत असलेल्या सूत्रधाराने तिसरं उघडून बकरी दाखवली. आता दुसऱ्यावर जावं का? जावं. पहिल्या निवडीत गाडी असण्याची शक्यता एक तृतीयांशच होती आणि ती तेवढीच राहते, म्हणून दुसऱ्या दाराची दोन तृतीयांश होते. नायक उत्तर बरोबर देतो. पण प्रोफेसर विचारतात, सूत्रधार तुला फसवत नसेल कशावरून? त्यावर पठ्ठ्या म्हणतो, मला फरक पडत नाही, मी आकडेवारीवर जातो. फरक पडतो ना बाबा! सगळं उत्तर त्यावरच उभं आहे. समजा सूत्रधार इतका बेरकी आहे की तुम्ही गाडीवर बोट ठेवलं असेल तरच दुसरं दार उघडून मोह घालतो. मग दार बदलणारा प्रत्येक वेळी बकरी घेऊन घरी जाईल. सूत्रधार कुठल्या नियमाने दार उघडतो हे माहीत नसेल तर या कोड्याला उत्तरच नाही.

हे आपल्याकडच्या 'कौन बनेगा करोडपती'वर लावून बघा. चार पर्याय आहेत, तुम्हाला काहीच माहीत नाही, मनात 'अ' धरलात आणि फिफ्टी-फिफ्टी घेतली. दोन चुकीचे पर्याय गेले, 'अ' आणि 'क' राहिले. तीन दारांचं कोडं वाचलेला कुणीतरी सोफ्यावरून ओरडतोच, की आता 'क'वर जा, तीन चतुर्थांश शक्यता आहे. साफ चूक. कॉम्प्युटरला तुमच्या मनातला 'अ' माहीत नव्हता. तो 'अ'लाही उडवू शकत होता. 'अ' बरोबर असण्याची शक्यता एक चतुर्थांश, आणि तेव्हा तो नक्की टिकतो. 'अ' चूक असण्याची तीन चतुर्थांश, पण तेव्हा तो तीनातून एकदाच टिकतो, म्हणजे पुन्हा एक चतुर्थांशच. दोन्ही सारखे. टिकलेला 'अ' बरोबर असण्याची शक्यता निम्मी, बदललं काय नि न बदललं काय.

शक्यतेचा विषय निघालाच आहे तर 'तीन पत्ती' (२०१०) आठवतो, अमिताभ आणि बेन किंग्जलीचा. चित्रपटाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पण दिवाळीत खेळणाऱ्यांनी एवढं मोजावं: ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यात ट्रेल (तिन्ही पानं एकाच आकड्याची किंवा चित्राची) ५२ आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची लागोपाठची तीन पानं, जसं बदामाची ५-६-७) ४८. जास्त दुर्मीळ हात प्युअर सिक्वेन्सचा, आणि नियमाने जिंकतो मात्र ट्रेल. आमच्याकडे हे सांगितल्यावर काकांनी 'तू खेळायला बसू नकोस' असा निकाल दिला.

बोलण्यातल्या चुकांची परंपरा जुनीच. 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) मध्ये बुजगावण्याला अक्कल मिळाल्याचा पुरावा म्हणून ते पायथागोरस म्हणायला जातं, आणि वर्गांऐवजी वर्गमुळं नि काटकोन त्रिकोणाऐवजी समद्विभुज त्रिकोण घुसडून मोकळं होतं. 'क्यूब' (१९९७) मध्ये गणितात हुशार म्हणून दाखवलेली मुलगी ५६७, ८९८ आणि ५४५ यांचे अवयव पाडणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे असं म्हणते. ८९८ सम आहे, ५४५ च्या शेवटी ५ आहे, ५६७ च्या अंकांची बेरीज १८. तुमच्या मुलाला विचारा, तो सांगेल.

याच्या उलट, मुद्दाम चुकीचं आणि तरी अप्रतिम असं गणित दोन ठिकाणी सापडतं. पहिलं 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतलं. १९९८ च्या एका भागात होमर फळ्यावर लिहितो: ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाप्रमाणे (घात दोनाहून मोठा असेल तर अशी बेरीज पूर्ण संख्यांत कधीच जुळत नाही) हे अशक्य, आणि ते प्रमेय तोवर अँड्र्यू वाइल्सने सिद्धही केलेलं होतं. पण दहा अंक दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या दिसतात! उत्तर ४४ अंकी आहे आणि दोन्ही बाजूंचे पहिले दहा अंक खरंच जुळतात. मालिकेचा एक लेखक डेव्हिड कोहेन याने अशी जवळपास जुळणारी त्रिकुटं शोधायला प्रोग्रॅम लिहिला होता. पकडायचं कसं? ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ ची १८, दोघांनाही ३ ने भाग जातो, म्हणून डाव्या बाजूलाही जातो. ४४७२ ची बेरीज १७, भाग जात नाही. वाइल्सची गरजच पडली नाही, कसोटी शाळेतलीच पुरली.

दुसरं 'तारे जमीन पर' (२००७) मधलं. परीक्षेत 'तीन गुणिले नऊ' बघून ईशान अंतराळात जातो, तिसरा ग्रह पृथ्वी ओढत नेऊन नवव्या प्लुटोवर आदळतो, प्लुटोचा चुरा होतो, म्हणून उत्तर तीन. (प्लुटोचं ग्रहपद २००६ सालीच गेलं होतं, पण पोराला तेवढं माफ.) मला हे गणिताचं दृश्य म्हणून फार आवडतं. खुणेला स्वतः एक अर्थ द्यायचा आणि मग त्या अर्थाशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहायचं, हे त्या पोराने केलंय. त्याची क्रिया आपली गुणाकाराची नाही, एवढंच. पेपर तपासताना मी शून्यच देईन, ते वेगळं.

हिंदीत बाकी गणित म्हणजे झटपट आकडेमोड असं समीकरण आहे. शकुंतला देवींनी १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला हे अफाटच. त्यांच्यावरचा २०२० चा चित्रपट विद्या बालनसाठी जरूर बघा. गणितज्ञ दिवसभर काय करतो ते त्यात दिसणार नाही.

ते दिसतं रामानुजनवरच्या 'द मॅन हू न्यू इन्फिनिटी' (२०१५) मध्ये, आणि तुमच्या मुलाला मी हाच दाखवेन. केन ओनो आणि मंजुल भार्गव हे दोघे खरे, मोठे गणितज्ञ या चित्रपटासोबत होते, आणि संवादांतही ते जाणवतं. रामानुजनला उत्तर दिसतंय, केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी म्हणतोय सिद्धता आण, आणि जवळजवळ सगळा चित्रपट या एका भांडणावर चालतो. त्यात संख्येच्या फोडी येतात. ४ ची फोड पाच प्रकारे होते: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. २०० ची किती प्रकारे? ३९,७२,९९,९०,२९,३८८. हा आकडा मॅकमोहन या गणितज्ञाने हाताने काढला होता, आणि हार्डी-रामानुजनच्या सूत्राची परीक्षा त्याच्याशीच ताडून झाली.

चित्रपट इंग्रजीत आहे, थोडा संथ आहे, मधे रामानुजनच्या घरची माणसं येतात तिथे सातवीतला मुलगा चुळबुळ करणार. म्हणून आदल्या दिवशी त्याला कागद देऊन ५, ६ आणि ७ च्या फोडी मोजायला बसवा. ७, ११ आणि १५ यायला हव्यात. १५ ऐवजी १४ आल्या तर एक राहिलीय एवढंच सांगा, कुठली ते सांगू नका.