पोरांना पाण्यात खेळवायचंय, तेही खिशाला परवडेल असं

सुट्टी लागल्यापासून आलेल्या पत्रांत ही तीन पत्रं एकाच विषयावरची होती, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून यांनाच सविस्तर उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई, मला दोन मुलं आहेत, मोठा साडेपाचचा आणि धाकटी तीन वर्षांची. सुट्टी लागली तशी दोघं बाथरूममधून बाहेरच येत नाहीत, नळ चालू ठेवून खेळतात आणि मग मी ओरडते. वॉटरपार्कला जायचं म्हटलं तर चौघांचं तिकीट, जाणं-येणं आणि आतलं खाणं मिळून महिन्याच्या किराण्याएवढे पैसे जातात, आणि बिल्डिंगमधल्या एक जणी सांगत होत्या की एवढ्या लहान मुलांना तिथल्या बऱ्याच राइड्सवर घेतच नाहीत. फुकट किंवा थोडक्यात होईल असं काही आहे का? मला स्वतःला पोहता येत नाही त्यामुळे भीतीही वाटते.
— दोन मुलांची आई, डोंबिवली

उत्तर : ताई, या वयाच्या मुलांना खोल पाणी लागतच नाही. घोट्याएवढं पाणी, ओली वाळू, श्रीखंडाचा रिकामा डबा आणि चहाची जुनी गाळणी दिली की दोन तास कुठे जातात कळत नाही. तुम्हाला पोहता येत नाही म्हणून भीती वाटते ती योग्यच आहे, तेव्हा घोट्याच्या वर पाणी नको एवढा एकच नियम धरून चला. आणि घोट्याएवढं पाणी आपल्याकडे फुकट कुठे मिळतं तर समुद्राला, ओहोटीच्या वेळेला.

वेळ कशी काढायची ते सांगते, हे मी आजीकडून शिकले, तिचं माहेर कोकणातलं. कॅलेंडरवर तिथी बघायची, शुक्ल असो की वद्य, आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, भरती तीनला, पहाटेही आणि दुपारीही, आणि त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमाराला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून निघायच्या आधी मोबाइलवर त्या किनाऱ्याची वेळ एकदा बघून घ्या, पण महिन्याचा प्लॅन करायला आजीचं गणित पुरतं. लहान मुलांसाठी सकाळी जायचं तर तृतीया-चतुर्थी चांगली. अष्टमीला ओहोटी भर बाराला येते, तेव्हा वाळू तापलेली असते, मुलांना नेऊ नका. संध्याकाळी जायचं तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी पाच-साडेपाचला मिळते, पण ते उधाणाचे दिवस, पाणी लांब जातं आणि परत येतं तेव्हा भराभर येतं, तेव्हा पाणी उलटलं की लगेच आवरायचं.

आता जागा. तुम्हाला सगळ्यात सोपी गिरगाव चौपाटी, दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरलात की चालत. रविवारी जाणार असाल तर पहिल्या गाड्यांनीच जा, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचता येतं, येताना मात्र गाड्या उशिरा असतील ते धरून चला. पण स्पष्टच सांगते, मुंबईच्या चौपाट्यांचं पाणी अंघोळीचं नाही, शहराचं सांडपाणी शेवटी तिथेच येतं, माहीमच्या बाजूला तर मिठी नदीच येऊन मिळते. गिरगावला आणि जुहूला पाय भिजवायचे, वाळूत खेळायचं, तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि अंगावर जखम असेल तर त्या दिवशी नकोच.

एक पूर्ण दिवस काढता आला तर केळव्याला जा. दिव्याहून वसईची गाडी, वसईला डहाणू लोकल, केळवे रोडला उतरायचं, बाहेर रिक्षा मिळतात. किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत त्यामुळे सावली मिळते, शीतलादेवीचं देऊळ आहे, आणि ओहोटीला वाळू लांबच लांब सपाट उघडी पडते. तीन वर्षांच्या मुलीला रेल्वेचं तिकीट नाही, पाच वर्षांखालच्यांना लागत नाही, मोठ्याचं अर्धं. डबा घरून न्या. परतीच्या लोकलची वेळ मात्र जातानाच बघून ठेवा, त्या मार्गावर गाड्या तुमच्या लाइनसारख्या दर चार मिनिटांनी नसतात.

आम्ही मागे गेलो होतो तेव्हाचं सांगते. माझ्या भाचीने, चार वर्षांची होती, पाण्यात पाऊलच टाकलं नाही, लाट आली की रडायची. मग लाटांपासून लांब ओल्या वाळूत हाताने खड्डा केला, वीतभर खोल, आणि बघता बघता त्याच्यात खालून पाणी झिरपून भरायला लागलं. तिला वाटलं तिने स्वतःच पाणी काढलं! तासभर ती त्या खड्ड्यातून डब्याने पाणी उपसत होती आणि तो परत भरत होता, त्यात तिने शिंपले धुतले, माझा चष्मा धुतला. तेवढ्यात मी सहज मागे बघितलं तर कोरड्या वाळूत काढून ठेवलेल्या आमच्या चपलांपैकी एक तरंगत होती. भरती अशीच येते, आवाज न करता. तेव्हापासून मी चप्पल पाण्याच्या रेषेपासून दहा पावलांवर ठेवते, खूण म्हणून, पाणी चपलेच्या दिशेने पाच पावलं आलं की खेळ बंद.

आणि मोठ्या माणसाने हात लांब केला की मूल हाताला लागलं पाहिजे, एवढंच अंतर. मोबाइल पिशवीत. बुडणारं मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही, गप्प खाली जातं, त्यामुळे आवाज आला की धावू असं म्हणून चालत नाही. तुम्ही दोघं असाल तर एकेकाने एकेक मूल वाटून घ्या, नाहीतर दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय. कपडे केशरी किंवा भडक गुलाबी घाला, निळा-पांढरा पाण्यात दिसत नाही. केळव्यालाही माणसं बुडालेली आहेत, किनारा सपाट दिसतो म्हणून विसंबून राहू नका. आक्साला आणि गणपतीपुळ्याला तर लहान मुलांना पाण्यात नेऊच नका, पाण्याला ओढ आहे आणि पुळ्याला पायाखालचा उतार एकदम तुटतो. आणि पाऊस सुरू झाला की हे सगळं बंद, नारळी पौर्णिमेला कोळी लोक समुद्राला नारळ देतात तोपर्यंत आपणही थांबायचं.

प्रश्न : आमची मुलगी चार वर्षांची आहे. मिस्टर म्हणतात रविवारी खडकवासल्याला नेऊ, सगळेच जातात. मला पालिकेचा स्विमिंग पूल बरा वाटतो, तीन फुटांच्या बाजूला उभं केलं तर काय होणार आहे. तुम्ही काय सुचवाल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खडकवासल्याला चौपाटीवर कणीस खायला, वारा घ्यायला जरूर जा, पण मुलीला पाण्यात उतरवू नका आणि मिस्टरांनाही उतरू देऊ नका. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं, खाली गाळ असतो, मध्येच खड्डा असतो, आणि काठाला पाऊल रुतलं की मोठ्या माणसालाही काढता येत नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर या वरच्या धरणांचं पाणी खडकवासल्यातच येतं, त्यामुळे मागच्या रविवारी होतं तेवढंच पाणी या रविवारी असेल असंही नाही. दर उन्हाळ्यात तिथल्या बातम्या येतात आणि दर वेळी जाणारी माणसं 'सगळेच जातात' म्हणूनच गेलेली असतात.

पालिकेचा पूल चांगला पर्याय आहे, बॅचचं तिकीट थोडकंच असतं. पण तीन फुटांचं तेवढं मनातून काढून टाका. तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर. चार वर्षांची मुलगी साधारण शंभर-एकशेदोन सेंटिमीटर असते, म्हणजे ते पाणी तिच्या ओठांपर्यंत किंवा नाकापर्यंत आलं, पाय जरा घसरला की डोक्यावरून. घरी दाराच्या चौकटीवर तीन फुटांची खूण करा आणि तिला शेजारी उभी करून बघा म्हणजे पटेल. तिला लागतो तो बेबी पूल, दीड-एक फुटाचा, आणि तो सगळीकडे नसतो.

म्हणून आधी एकट्या जाऊन या. माझ्या मुलाला आम्ही कॉस्च्युम, टॉवेल, फुगवलेली ट्यूब सगळं घेऊन एका पुलावर नेलं होतं आणि खिडकीवर कळलं की एवढ्या लहानांना घेत नाहीत, तो ट्यूब कमरेत घालूनच रिक्षात बसला होता, परतताना ती काढूच देईना. तसं तुमच्या मुलीचं व्हायला नको. वयाची-उंचीची अट काय, बेबी पूल आहे का आणि सध्या भरलेला आहे का, जीवरक्षक बॅच चालू असताना काठावर असतो का ऑफिसात, हे विचारा. पाणी स्वतः बघा, खोल बाजूला तळाच्या फरशीवरच्या रेघा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. डोळे चुरचुरतील असा उग्र वास आला तर लोकांना वाटतं क्लोरीन भरपूर आहे म्हणजे पाणी स्वच्छ, पण तो वास क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळल्यावर येतो, तेव्हा त्या दिवशी परत या. आणि मुलीला जुलाब होत असतील तर ती बरी होईपर्यंत पूल नको, दुसऱ्यांच्या मुलांसाठी. हवेच्या ट्यूबवर, दंडातल्या फुग्यांवर भरवसा ठेवू नका, ती खेळणी आहेत.

प्रश्न : आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. मुलगा अडीच वर्षांचा आहे, त्याला पाणी फार आवडतं, पण बादलीभर पाणी खेळायला द्यायचं म्हटलं तरी जीव होत नाही. सासूबाई म्हणतात पाण्याशी खेळू नये. समुद्र नाही, पूल नाही, आम्ही काय करायचं?
— एक आई, लातूर

उत्तर : तुमच्या सासूबाईंचं मला मनापासून पटतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांच्या हातून पाणी सांडत नाही. पण खेळलेलं पाणी वाया गेलंच पाहिजे असंही नाही. नाहीतरी त्याच्या अंघोळीचं बादलीभर पाणी लागतंच, तेच पाच वाजता ऊन उतरल्यावर घंगाळात किंवा टबात घाला, टब मोठ्या परातीत ठेवा म्हणजे सांडलेलंही परातीत राहतं. त्याला वाटी, चमचा, एक स्पंज द्या. खेळून झालं की त्याच पाण्यात अंघोळ, मग तेच पाणी कुंड्यांना किंवा संडासात ओतायला. साबण लावणार असाल तर खेळ आधी, साबण नंतर. भाजी धुतलेलं पाणी आणि जुना रंगाचा ब्रश दिला तर तो अंगणातली भिंत 'रंगवत' बसेल, ती वाळली की परत पहिल्यापासून, तांब्याभर पाण्यात अर्धा तास जातो.

माहेरी किंवा नातेवाइकांकडे शेत असेल तर आठवड्यातून एकदा तिकडे न्या. मोटर चालू असताना पाइपचं पाणी हौदात पडतं आणि तिथून पाटाने पिकाला जातं, त्या पाटात बसवा, हौदात नको आणि विहिरीच्या जवळ तर नकोच. पाटातलं पाणी पिकाकडे जाणारच असतं, त्यामुळे सासूबाईंचीही हरकत राहणार नाही, त्यांनाही घेऊन जा. जायच्या आधी फोन करून शेतावर लाईट कधी आहे ते विचारा, नाहीतर लाईट रात्रीची आणि तुम्ही पोचणार दुपारी असं होतं. फवारणी झाली असेल तर तो आठवडा सोडा.

तुमच्या पत्रातून मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आठ दिवसांचं पाणी म्हणजे घरात पिंप, बॅरल, बादल्या भरलेल्या असणार, आणि अडीच वर्षांचं मूल आत वाकलं की डोकं जड असल्यामुळे त्याला परत वर येता येत नाही, बादलीभर पाण्यातही. पिंपाला झाकण नुसतं ठेवू नका, दोरीने किंवा जुन्या ट्यूबच्या रबराने बांधा, बादल्या न्हाणीघरात ठेवून बाहेरून कडी लावा. डेंग्यूच्या डासालाही असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, नळाला पाणी यायच्या सकाळी पिंप रिकामं करून आतून घासून घेतलं की दोन्ही कामं होतात, आणि घासायच्या वेळी मुलाला शेजारी ब्रश देऊन बसवा, त्याला तोही खेळच वाटेल.