अंतराचा खर्च

चि. डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर वर्षभरासाठी नेमणूक झाल्याचे तुझे पत्र मिळाले. जाण्यापूर्वी काय वाचावे, असे तू विचारले आहेस. औषधांची पुस्तके तू वाचशीलच. मी सुचवीन तो तिथल्या वैद्यकीय सेवेचा इतिहास. माझी तिथली पाच वर्षे त्याच्या अज्ञानामुळे सुरुवातीला बरीच वाकडी गेली.

आधी तिथला शेतकरी समजून घे. त्याला क्रॉफ्टर म्हणतात. जमीनदाराकडून कुळाने कसायला घेतलेला काही एकरांचा तुकडा, गावाचे सामाईक गायरान, थोड्या मेंढ्या, एखादी गाय आणि जोडीला मासेमारी, असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार. पोट भरत असे, पण हातात रोख पैसा क्वचितच असे. पुढचे सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

अठराव्या शतकात शेटलंडमध्ये साधारण वीस वर्षांनी एकदा देवीची साथ येई आणि मधल्या काळात जन्मलेली मुले ती घेऊन जाई. तेव्हा जॉन विल्यमसन नावाचा एक गृहस्थ पुढे आला. त्याच्या नाना खटपटींमुळे लोक त्याला ‘जॉनी नोशन्स’ म्हणत. तो विणकर, शिंपी, सुतार, लोहार आणि घड्याळे दुरुस्त करणारा होता. वैद्यकाचे शिक्षण मात्र शून्य. रोग्याच्या फोडांतला द्रव तो चुलीत जळणाऱ्या पीटच्या (दलदलीतून खणून वाळवलेल्या, जळणाच्या मातीच्या) धुरावर वाळवी, कापूर घालून काचेच्या दोन तुकड्यांत ठेवी आणि सात-आठ वर्षे जमिनीत पुरून मग वापरी. स्वतः घडवलेल्या चाकूने दंडावरची कातडी रक्त न येऊ देता किंचित उचलायची, कणभर द्रव आत ठेवायचा, कातडी पुन्हा बसवायची आणि वरून कोबीचे पान बांधायचे. पट्टी म्हणून कोबीचे पान! हजारो लोकांना त्याने असे टोचले आणि त्यातला एकही दगावला नाही, असे तिथल्या एका पाद्र्याने 1790च्या दशकात लिहून ठेवले आहे. हे सगळे गाईच्या देवीपासून केलेल्या जेनरच्या लशीच्या आधीचे. ती लस मुंबईत 1802च्या जूनमध्ये अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला प्रथम टोचली गेली. पण देवीचाच द्रव टोचणारे टिकेदार आपल्याकडे बंगालमध्ये त्याच्याही आधीपासून होते. म्हणून जॉनीला कोणी अडाणी म्हटले की मला राग येतो. दूरच्या डॉक्टरची वाट पाहणे परवडत नाही, तिथे माणसे हातातल्या कामाच्या शिस्तीनेच शहाणी होतात.

अर्थात घरचे शहाणपण दर वेळी तारतेच असे नाही. शेटलंडपासून बरेच दूर, पश्चिमेच्या समुद्रात सेंट किल्डा नावाचे बेट आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे आठवडा-दीड आठवड्यात धनुर्वाताने जात. गेलिक भाषेत सुइणीला ‘गुडघ्याची बाई’ म्हणतात. नाळ कापून ती बांधायची तिची रीत तिला वाडवडिलांकडून मिळालेली होती. अँगस फिडीस या पाद्र्याने ग्लासगोला जाऊन निर्जंतुकीकरण शिकून घेतले आणि 1890च्या दशकात हे मृत्यू थांबले. पण एखाद्या जिद्दी माणसावर अवलंबून असलेली सेवा टिकाऊ नसते. लोकसंख्या घटत गेली आणि 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेल्या 36 रहिवाशांनी स्वतःच्याच विनंतीवरून ते बेट कायमचे सोडले.

आता मुद्द्याचे सांगतो. ब्रिटनमध्ये 1911 साली आरोग्य विम्याचा कायदा झाला. तो पगारी कामगारांसाठी होता. क्रॉफ्टर कोणाचाच नोकर नसल्याने तो त्यातून सुटला. डॉक्टरला बोलवायचे तर फीबरोबर होडीचे किंवा घोड्याचे भाडेही रोग्याच्या माथी पडे. त्यामुळे घर जितके दूर, तितका आजार महाग. लोक शेवटच्या घटकेपर्यंत थांबत, कित्येक जण डॉक्टरने न पाहताच मरत, आणि मृत्यूच्या नोंदीत कारणाचा दाखला नसे. डॉक्टरही काही चैनीत नव्हता; त्याची बिले थकत, घर गळके असे आणि रजेवर जायचे तर बदली माणूस मिळत नसे. सर जॉन ड्यूअर यांच्या समितीने 1912 साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर गावोगाव जाऊन साक्षी घेतल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल दिला. पुढच्याच वर्षी त्या भागासाठी कायदा होऊन सरकारने वर्षाला 42,000 पौंडांचे अनुदान मंजूर केले. त्यातून डॉक्टरांचा प्रवासखर्च आणि परिचारिकांचे पगार निघू लागले, आणि रोग्याची फी ठरावीक व माफक झाली; घर जवळ असो वा दूर, ती तेवढीच. अंतराचा खर्च रोग्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून सोसायचा, हे त्या कायद्याने मान्य केले. 1948ची राष्ट्रीय आरोग्य सेवा सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्या 35 वर्षे आधी हे घडले. मे 1933 मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या आयला बेटावरून एका अत्यवस्थ मच्छीमाराला विमानाने ग्लासगोला नेले, तेव्हापासून हवाई रुग्णवाहिका सुरू झाली.

माझ्या पहिल्या वसंतात सत्तरीच्या एक बाई पायाची चिघळलेली जखम घेऊन आल्या. जखम दहा दिवसांची होती. मी त्यांना चारचौघांत बोललो. त्या काही न बोलता पट्टी बांधून निघून गेल्या. संध्याकाळी आमच्या परिचारिकेने मला बाजूला घेऊन सांगितले, की मेंढ्या विण्याचे दिवस आहेत, बाई एकट्या आहेत, आणि रात्री दर तीन तासांनी कंदील घेऊन गायरानावर जाणारे त्यांच्या घरात दुसरे कोणी नाही. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि जखमेचा विषय न काढता एका अशक्त कोकराबद्दल माझे मत विचारले. तेव्हापासून ‘इतके दिवस का थांबलात’ असे विचारण्याऐवजी ‘घरी गुरामेंढरांकडे कोण बघतंय’ असे मी विचारू लागलो, आणि माणसे लवकर येऊ लागली. तूही पहिल्या आठवड्यात परिचारिकेबरोबर घरोघर फिर. डॉक्टर बदलत राहतात, ती तिथेच असते.

मोठ्या उपचारांसाठी तुझे रुग्ण मुख्य भूमीवरच्या अ‍ॅबर्डीनला जातील. बोटीने गेले तर सबंध रात्रीचा प्रवास आहे. त्यांना प्रवासखर्च सरकारकडून परत मिळतो, पण सोबतीला कोणी न्यायचे असेल तर गरज वैद्यकीय असल्याचे डॉक्टरने लिहून द्यावे लागते. वरून खर्च आवरण्याच्या सूचना येत राहतील. खरी गरज दिसत असेल, तर त्या कागदावर सही करताना हात आखडू नकोस.

तुझा,
सर