वाचक विचारतात : शेवटची चार अक्षरं जमली, पहिलं कुठून आणू?

प्रश्न : मुलगा नोकरीला पुण्यात असतो, आम्ही दोघं रोज सकाळी वर्डल खेळतो, सहा चान्समध्ये पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाईन खेळ, अक्षर बरोबर जागी असलं की हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं, आणि एकमेकांना ते हिरवेपिवळे चौकोन पाठवतो. परवा दुसऱ्याच चान्सला मी नजर या अर्थाचा साईट टाकला, पहिला एस सोडून बाकी चारही अक्षरं हिरवी, आय-जी-एच-टी. म्हटलं आता झालंच! मग फाईट, लाईट, माईट, टाईट असं एकेक टाकत गेले आणि सहाही चान्स संपले, उत्तर निघालं रात्रीचा नाईट. १४० दिवसांची स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता जिंकल्याची साखळी, गेली. अशा शब्दांची पाठ करायला यादी मिळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, खरंच वाईट वाटलं, १४० दिवस म्हणजे काही कमी नाहीत. पण यादीचा इथे उपयोग नाही हो, हे सगळे शब्द तुम्हाला येतच होते. अडचण अशी की एस बाद झाल्यावरही या साच्यातले रोजच्या वापरातले सात शब्द उरतात आणि हातात चान्स चार. अशा वेळी तिसऱ्या चान्सला सरळ लेमन टाकायचा, आपलं लिंबू, एल-ई-एम-ओ-एन. उत्तर हे नाही हे माहीत असूनच टाकायचा, कारण त्यात चार पहिली अक्षरं एका फटक्यात तपासून होतात, एल रंगला तर लाईट, ई रंगला तर आठचा एट, एम रंगला तर माईट, एन रंगला तर नाईट. आणि काहीच रंगलं नाही तरी फाईट, राईट, टाईट एवढेच राहतात आणि चान्सही तीन असतात, म्हणजे हरायचा प्रश्नच नाही. फक्त हार्ड मोड चालू असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे हिरवी झालेली अक्षरं पुढच्या शब्दात ठेवावीच लागतात.

डिक्शनरीत याच साच्यातले बाईट आणि वाईट असे अजून दोन शब्द सापडतील, एक समुद्रकिनाऱ्याच्या वळणाचा आणि एक जुन्या इंग्रजीतला, माणूस या अर्थाचा. त्यांच्या मागे लागू नका. हा खेळ जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी केला आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसाठी खुला केला, त्याआधी पलक यांनी पाच अक्षरांचे सुमारे १२,००० शब्द नजरेखालून घालून त्यातले ओळखीचे वेगळे काढले, साधारण २,५०० उरले. म्हणून उत्तरं सहसा माहितीतलीच येतात.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हा जी-एच तिथे बसलाय कशाला, उच्चारात तर कुठेच नाही? तर पूर्वी तो उच्चारात होता, घशातून ख सारखा. जर्मनमध्ये अजून आहे, रात्रीला नाख्ट, आठला आख्ट. इंग्रजांच्या तोंडातून तो गेला, स्पेलिंगमध्ये राहिला. आणि हे शब्द आपल्या नात्यातले आहेत बरं का, आठ हा संस्कृत अष्टवरून आलेला आणि एट त्याचाच लांबचा भाऊ, तर नाईटचा भाऊ नक्त. श्रावणात दिवसभर उपास करून तिन्हीसांजेनंतर जेवायचं, त्याला आमची आजी नक्त करणं म्हणायची, तोच हा नक्त. हे कळल्यापासून मी नाईटच्या स्पेलिंगमध्ये कधी चुकलो नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. क्यूच्या पुढे यू येतोच असं आम्हाला शाळेत सांगितलं. एकही शब्द अपवाद नाही का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : आहेत की, आणि त्यातले काही तुझ्या घरात रोज बोलले जातात! फकीर बघ, एफ-ए-क्यू-आय-आर, पाच अक्षरं. तलाकही पाचच, टी-ए-एल-ए-क्यू, इथे तर क्यू शेवटी. कव्वालमध्येही यू नाही, तिथे क्यू सुरुवातीला. हे सगळे अरबीतून आलेत, तिथे क पेक्षा वेगळं, घशात खोल म्हणायचं एक अक्षर आहे, ते दाखवायला रोमन लिपीत क्यू घेतला. स्क्रॅबल हा सोंगट्यांवरची अक्षरं जुळवून शब्द करायचा खेळ खेळत असशील तर ची हा दोनच अक्षरांचा शब्द लक्षात ठेव, क्यू-आय, चिनी लोक शरीरातल्या प्राणशक्तीला म्हणतात तो. क्यूची सोंगटी एकच असते आणि १० पॉइंटची, यू नाही म्हणून ती हातात अडकली की फार जीव जातो.

तुझ्या शिक्षकांचंही चूक नाही, अस्सल इंग्रजी शब्दांना त्यांचा नियम लागतो. तोही मुळातला नाही मात्र. राणीचा क्वीन आधी सी-डब्ल्यू ने लिहायचे, १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे लिहिणाऱ्यांनी फ्रेंच पद्धतीचं क्यू-यू आणलं, ते आजवर टिकलं.

प्रश्न : ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही अक्षर नसलेले शब्द कोणते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पाच अक्षरी हवे तर निम्फ, ग्लिफ, क्रिप्ट, सहा अक्षरी रिदम. तिथे वाय स्वराचं काम करतो, हे चारही ग्रीकमधून आलेत. माझा सगळ्यात आवडता मात्र ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्श भाषेतला, सी-डब्ल्यू-एम, उच्चार कूम, डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी. वेल्शमध्ये डब्ल्यू हा स्वरही असतो, ऊ. तुम्ही ट्रेकिंगवाले असाल तर हा शब्द ऐकला असेल, नेपाळकडून एव्हरेस्टला जाताना खुंबूचा हिमप्रपात चढून वर गेलं की जी लांब बर्फाची दरी लागते तिचं नाव वेस्टर्न कूम, १९२१मध्ये गिर्यारोहक जॉर्ज मॅलरींनी ठेवलेलं.