मालवणला एकदा स्कुबा केलं आहे. तेवढ्यावर तीन महिन्यांनी मलेशियाच्या सिपादान बेटावर डायव्हिंगला जाता येईल का?

जायला नक्की जा, पण मालवणच्या त्या एका अनुभवाच्या जोरावर नको. तुम्ही तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली आहे म्हणून हे आधीच सांगते.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपण जे करतो त्यात प्रशिक्षक आपल्याला पाठीमागून धरून ठेवतो. जॅकेटमध्ये हवा भरणं, सोडणं, किती खोल जायचं, सगळं त्याच्या हातात. आपण तोंडाने श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. माझीही सुरुवात तिथेच झाली. सिपादानला मात्र किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तळच संपतो. विझलेल्या ज्वालामुखीच्या टोकावर प्रवाळ वाढत जाऊन हे बेट झालं आहे, समुद्रतळापासून सुमारे 600 मीटर उंच. ‘ड्रॉप ऑफ’ नावाच्या जागी फिकट हिरवं पाणी जिथे काळंनिळं होतं तिथे रेघ ओढल्यासारखी दिसते. त्या रेघेपलीकडे तोल गेला तर पाय टेकायला वाळू नाही, आणि पाण्याला ओढही असते. म्हणून आता तिथे अॅडव्हान्स्ड ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या दुसऱ्या पायरीच्या कोर्सचं, कार्ड मागतात. मला हा नियम अगदी योग्य वाटतो.

माझंच उदाहरण देते. सिपादानवर मुक्काम करता येत नाही, म्हणून मी शेजारच्या माबुल बेटावर राहिले होते. तेव्हा माझ्याकडे कार्ड होतं, पंधरा-सोळा डाइव्हही झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फोटो काढायच्या नादात खाली गेले आणि माझ्या पायातल्या फिनच्या (पोहायच्या वल्ह्याच्या) फटक्याने फांद्यांच्या प्रवाळाचा वीतभर तुकडा मोडला. तेवढं वाढायला त्याला एखादं वर्ष तरी लागलं असेल. गोट्यासारखं घट्ट प्रवाळ तर वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतं. वर आल्यावर गाइड शांतपणे म्हणाला, ‘उद्या सिपादानला कॅमेरा नको.’ मला रडू आलं, पण त्याचं बरोबर होतं. त्या दिवशी दुपारी मी एकही फोटो न काढता फक्त तरंगायचा सराव केला. श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली, हात बांधलेले.

आणि कॅमेरा नव्हता म्हणूनच पुढचा दिवस मला इतका आठवतो. पहाटे बोट निघाली, अर्ध्या तासात बेट. उतरून वहीत नाव लिहायचं, सही करायची. किनाऱ्यावर बंदूकधारी जवान दिसतात; घाबरू नका. एप्रिल 2000 मध्ये या बेटावरून 21 जणांना पळवून नेलं होतं, तेव्हापासूनचा हा पहारा. मग ‘बॅराकुडा पॉइंट’ नावाच्या जागी डाइव्ह. आधी खडखड असा आवाज आला, कुणी खडे चावतंय तसा. डोक्यावर टेंगूळ असलेले हिरवट पोपटमासे, एकेक मीटरभर लांब, पूर्ण कळप, दातांनी प्रवाळ फोडत होते. त्यांच्या पोटातून पडणाऱ्या चुऱ्यातूनच तिथली बरीचशी पांढरी वाळू होते. मालवणात जिला मोरी म्हणतात त्या शार्कची पांढऱ्या टोकाच्या पंखांची भावंडं तळाशी निवांत पडलेली. वेळासला मी कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली होती. इथे पूर्ण वाढलेली हिरवी कासवं शेजारून जात होती. पंधरापर्यंत मोजली आणि मोजणं सोडून दिलं. शेवटी बॅराकुडांचा थवा आला, शेकडो मासे गोल फिरत, आणि डोक्यावरचा उजेड झाकला गेला.

हे टिकलं आहे ते नियमांमुळे. पूर्वी बेटावरच रिसॉर्टं होती; ती 2004 अखेर हलवायला लावली. परवाने मोजके, बरीच वर्षं आकडा दिवसाला 120 होता. रात्रीची डाइव्ह नाही, दुपार कलली की बेट सोडायचं. तरीही मे 2006 मध्ये बांधकामाचं सामान आणलेला एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) प्रवाळावर चढला आणि काही तासांत मोठा पट्टा खरवडून निघाला. म्हणून सराव नसलेल्या माणसाला तिथे सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रवास असा: क्वालालंपूरहून तवाऊ, तिथून गाडीने सेंपोर्ना, पुढे बोट. मलेशियातच असूनही सबाह राज्यात शिरताना पासपोर्टवर पुन्हा शिक्का मारतात. परवाना डायव्हिंग सेंटरकडूनच मिळतो आणि मुक्कामाच्या रात्रींवर ठरतो. मला पाच दिवसांत सिपादानचा एकच दिवस मिळाला. बुकिंग करताना ‘सिपादानचे किती दिवस’ हे लेखी घ्या. शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, तेव्हा परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा.

तुमच्या जागी मी असते तर आधी अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला असता. मग कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा पुन्हा अंदमानात वीसेक डाइव्ह, त्यातच अॅडव्हान्स्ड. तिकिटं काढूनच झाली असतील तर माबुलला जा आणि कोर्स तिथेच करा. तिथल्या गाळात रंगीत कटलफिश आणि बेडूकमासे सापडतात, उथळ पाण्यात. सिपादान पुढच्या वर्षी.