पहिला हस्तलिखित खर्डा घेताना

फ्रेंच कवी व्हर्लेनचा हस्तलिखित कागद मिळतोय म्हणून घाई करू नका. तो कच्चा खर्डा आहे की मित्राला भेट द्यायला काढलेली स्वच्छ प्रत, हे आधी ठरवा. मला खर्डाच प्यारा. खोडलेल्या ओळीखालचा पहिला शब्द लागला की कवी विचार करताना दिसतो! अक्षर कोणाचं, हेही पाहा: व्हर्लेनचा कविमित्र रँबो याची 'ल बातो इव्र' ही कविता आपल्याला व्हर्लेनने स्वतःच्या हाताने केलेल्या नकलेतूनच मिळाली. नुसता जुना कागद हा पुरावा नव्हे. व्रँ-ल्यूका या फ्रेंच भामट्याने जुन्या कागदांवर हजारो बनावट पत्रं लिहून गणितज्ञ शाल यांना विकली. १८७० मध्ये त्याला तुरुंगवास झाला. म्हणून आधीच्या मालकांची साखळी लेखी मागा. फ्रान्सबाहेर न्यायला परवाना लागेल का, तेही पैसे देण्याआधीच विचारा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.